दोन स्पीकरांच्या मधली भिंत

रिकाम्या पिंपावर बोटाच्या पेराने केलेली टकटक ऐकली की मला मामा आठवतो. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा कचेरीतली बदली घेऊन तो इथे आला, आणि त्याच्या पाठोपाठ दुष्काळ आला. पाण्याची पिंपं बाहेर ठेवायची सोय नव्हती, म्हणून ती त्याच्या गाणी ऐकायच्या खोलीत उभी राहिली. भरलेली होती तोवर ठीक. रिकामी झाली की खर्जाचे स्वर त्यांत शिरून घुमत आणि मामाच्या कपाळाची शीर तट्ट फुगे. टँकर न आल्याबद्दल चकार शब्द न काढणारा हा माणूस त्या घुमण्यावर संतापायचा, टकटक करून रिकामी पिंपं हेरायचा, त्यांवर गोधड्या घालायचा, आणि खिळ्यावरची गाठी मारलेली सुतळी काढून दोन्ही स्पीकर व आपली खुर्ची यांतलं अंतर पुन्हा सारखं करायचा. वीतभर फरकही त्याला खपत नसे.

हा आटापिटा एका कॅसेटसाठी होता. जात्याच्या एका अंगाला आजी, दुसऱ्या अंगाला माझी आई; दोघींपुढे एकेक माईक ठेवून त्याने ओव्या टिपल्या होत्या. मामा सांगायचा, खुर्चीत बसलं की डावीकडून आजी ओळ उचलायची, उजवीकडून आई ती पुरी करायची. दोघी गेल्यावर त्या तेवढ्याच जागी समोरासमोर उरल्या.

मामाच्या पहिल्या स्मृतिदिनाला गेले, तर मामेभावाने, संजयने, एक स्पीकर बैठकीत आणि दुसरा स्वयंपाकघरात टांगलेला.

"समद्या घराला ऐकू यावं म्हणून लावलंय, अक्का," तो कौतुकाने म्हणाला.

स्वयंपाकघरात माझी आई एकटीच अर्धी ओळ गात होती. तिची सुरुवात भिंतीपलीकडे. माझं डोकंच फिरलं.

"मायलेकी तोडल्यास रे! एवढं बी कळलं न्हाई तुला?"

मी वायरी ओढून काढल्या. दोन्ही स्पीकर खोलीत आणले, पिंपं अजून तिथेच होती, त्यांवर गोधड्या टाकल्या, सुतळी ताणली आणि मामाच्या हयातीत जिच्यात मी कधीच बसले नव्हते त्या खुर्चीत बसले. आजी आली, आई आली. ओवी संपताना मी पदर सावरायला हलले, आणि समोरच्या कोऱ्या भिंतीतून, जिथे स्पीकरच नव्हता तिथून, मामा खेकसला,

"हालू नगा म्हणलं न्हाई का!"

टिपताना तो दोघींच्या बरोबर मधोमध उभा होता; दोन्ही माईकांत सारखाच शिरलेला त्याचा आवाज आता दोन्ही स्पीकरांच्या मधोमध उमटत होता.

दाराशी संजय थिजला. मघाशी मी त्याच्यावर ओरडले तो आवाज हुबेहूब हाच होता.

गेलेल्या माणसाला परत यायला एवढी मधली मोकळी जागा पुरते, आणि वर्षभर आम्ही त्याला तीसुद्धा दिली नव्हती.