आत्याचे तांबडे ब्रेक

आमच्या वावाऊ बेटावर भावाच्या घरी बहिणीचा शब्द खाली पडत नाही. मी साइमोनेची थोरली बहीण, त्याच्या लेकरांची आत्या. लग्न असो, मयत असो, पहिलं ताट माझं आणि सगळ्यात चांगली चटईही माझी. मी काही मागितलं आणि त्या घरात कुणी नाही म्हटलं, असं कधी झालंच नव्हतं. म्हणून त्या शुक्रवारी त्याच्या लेकीनं, लुपेनं, माझ्या व्हॅनची किल्ली स्वतःच्या खिशात घातली, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झालं होतं असं. माझ्या व्हॅनमधून चौदा पोरं शाळेत जातात. शाळा खाली बंदराजवळ, आणि आमचा उतार असला की शेवटच्या वळणावर ब्रेक लागला नाही तर गाडी थेट पाण्यात. रग्बीचे सामने सुरू झाले तेव्हा आमचं सगळं नेईआफू गाव संघाच्या रंगात, तांबडं झालं होतं. झेंडे तांबडे, कुंपणं तांबडी, कुत्र्यांच्या गळ्यात तांबड्या चिंध्या. मग मीच का मागे राहू? पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर, म्हणजे चकतीला दोन्हीकडून चिमटा घेतात ना ते, मी काढले, तांबडेभडक रंगवले आणि परत बसवले. माझ्या स्वतःच्या हातांनी. माझा नवरा तीस वर्षं मेकॅनिक होता. त्याच्याबरोबर मी अर्धं आयुष्य गाडीखाली काढलंय.

तेव्हापासून पेडल मऊ झालं. पाय ठेवला की ओल्या स्पंजावर ठेवल्यासारखा आत जायचा. साइमोनेनं त्याच्या गॅरेजात दोन वेळा एअर काढली, म्हणजे ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा, फरक शून्य. मग म्हणाला, पेडलमागचा मास्टर सिलेंडर गेला असेल, ऑकलंडहून मागवतो, तीन आठवडे लागतील. तोवर मी पेडल दोनदा दाबून चालवत होते. चालत होतं की.

आणि ही लुपे. राजधानीतून गाडीकाम शिकून महिन्यापूर्वी परत आलेली, अंगानं काडी.

"किल्ली दे," मी म्हटलं. "साडेतीनला शाळा सुटते."

"नाही देणार, आत्या. अजून दोन तास आहेत, मी बघते काय झालंय ते."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर पोरांना मी चालत घेऊन येईन."

"मी कोण आहे ते बापाला विचार जरा."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर किल्ली खिशात घातली. हातात असती तर देऊन बसले असते."

साइमोने कोपऱ्यात कसलासा नट पुसत होता. त्याला माझ्यासमोर मान वर करायची सवय नाही.

लुपेनं चाकांकडे जाणारे तिन्ही रबरी पाइप चिमटे लावून बंद केले, पुढचे दोन आणि मागचा एक. मला म्हणाली, पेडल दाबा. दाबलं तर दगडासारखं घट्ट.

"सिलेंडर ठणठणीत आहे, बाबा," ती म्हणाली. "पार्सल रद्द करा."

मागचा चिमटा सोडला, तरी पेडल घट्ट. पुढचा उजवा सोडला आणि माझा पाय खाली गेला. डावा सोडला, आणखी खाली. तिनं पुढची चाकं उतरवली, उकिडवी बसली आणि दोन्ही कॅलिपरांवरून बोट फिरवत राहिली.

"काय ते बोल."

"आत्या, हवा वर जाते, म्हणून ती काढायचा निपल कॅलिपरच्या वरच्या अंगाला असावा लागतो. इथं दोन्ही निपल खाली आहेत. डावा कॅलिपर उजवीकडे बसलाय, उजवा डावीकडे. कितीही वेळा निपल उघडा, खालून तेल येणार आणि हवा वर तशीच बसून राहणार."

ते कुणी बसवले, हे तिनं विचारलं नाही. मी साइमोनेकडे वळले.

"तुला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं, ताई. पहिल्याच दिवशी."

"मग?"

"तुम्ही बसवले होते." त्याचा आवाज पार खाली गेला. "सिलेंडर आला की त्या निमित्तानं गुपचूप बदलणार होतो."

चौदा पोरं, रोज दोन खेपा, आणि हा माझा मान राखत बसला होता. त्याला चार शिव्या घालणार होते, पण कुठल्या तोंडानं घालू? त्याला अशी सवय मीच लावली होती.

लुपेनं कॅलिपर अदलाबदल केले. मग मी पेडलवर आणि ती चाकापाशी.

"दाबा. धरून ठेवा. धरा म्हटलं ना, सोडू नका. हां, आता सोडा."

आजवर मला कुणी असा हुकूम सोडला नव्हता. मी निमूट ऐकत गेले. निपलला लावलेल्या नळीतून बाटलीत बुडबुडे येत राहिले, बारीक झाले, थांबले. पेडल वरच्या वर घट्ट लागलं. मग रिकामी व्हॅन घेऊन आम्ही दोघी उतारावर गेलो. शेवटच्या वळणावर मी एकदाच दाबलं, आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. सव्वातीन वाजले होते.

दुसऱ्या दिवशी साइमोनेच्या नातवाचा पहिला वाढदिवस होता. मी नेहमीसारखी सगळ्यांच्या वर, चटयांच्या थरावर. लुपे मागे भांडी घासत होती. तिला हाक मारली आणि शेजारी बस म्हटलं. सगळा मांडव वळून बघायला लागला.

"आत्या, तिथं मी कशी बसू? नखं बघा माझी, काळी आहेत."

"काल हुकूम सोडताना विचारलं होतंस का? बस."

ती बसली. मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "तांबडा रंग मी दिला, आणि उलटे मीच बसवले. बाकीच्यांनी माझा मान राखला. हिनं माझी पोरं राखली."

डुकराच्या पाठीचा वाटा माझा असतो. तो मी उचलून तिच्या ताटात घातला. आता नको म्हणणार कोण? मला नाही म्हणणारी त्या घरात एकटीच होती, आणि तिच्या तोंडात घास होता.