वाढीव पत्रे

"बाबा, उठा तिथून. आत्ताच्या आत्ता."

वांग्यांवर, कोथिंबिरीवर पाणी शिंपडता शिंपडता धोंडीबानं लेकीकडं पाहिलं. रश्मी हैदराबादला इंजिनीअर होती, लोखंडी छपरांचे आराखडे करायची. सुट्टीत गावी आली आणि दुपारी बापाचा डबा घेऊन आदिलाबादजवळच्या मावला गावाशेजारच्या या बाजारात पोचली.

बाजाराचं छप्पर पुढून बिनखांबाचं होतं. गाड्या थेट आत लागाव्यात म्हणून मागच्या खांबांतूनच लोखंडी तुळया पुढं काढलेल्या. यंदा त्या जोड देऊन आणखी लांबवल्या, वर नवे पत्रे ठोकले. खांब मात्र जुनेच, बुडाचे बोल्टही तेच.

"काऊन उठू? इतक्या वर्षानं डोक्यावर सावली आली," धोंडीबा म्हणाला. त्याची जागा अगदी पुढच्या कडेची, नव्या पत्र्यांखालची होती.

रश्मी बाजाराचा कारभार पाहणाऱ्या उद्धवरावांकडं गेली. पत्रे त्यांनीच स्वखर्चानं टाकले होते.

"काका, पुढं वाढवलं का मागच्या खांबायवर ओढ वाढते. खालून वारं शिरलं तं छप्पर उचलून बोल्ट तुटतीन, सारं खाली येईन. निदान टेकू लावा."

"लावले होते, पोरी. टेम्पोनं उडवले. अन् म्हाताऱ्या मानसायले उन्हात बसवू का मी? मिस्त्रीले बोलावतो, पुढच्या बाजाराच्या आत."

ते खरंच बोलावणार होते. त्यांच्याशी भांडावं तरी कसं, तिला कळेना.

चारच्या सुमारास इंद्रवेल्लीच्या बाजूनं आभाळ काळं झालं. धुळीचा लोट आला, मागोमाग गारा. उघड्यावरचे सगळे छपराखाली धावले.

"बाहेर या! खुल्यात या!" रश्मी ओरडत होती.

शेजारी मिरच्या विकणाऱ्या रुख्मिणीमावशीनं उलट तिचाच हात धरून आत ओढलं. "डोकं फुटन ना, माय!"

हात सोडवून रश्मी बापाकडं धावली. तो ताडपत्री ओढत होता. छप्पर एकदा वर उचललं गेलं, कण्हल्यासारखा आवाज झाला आणि पुढची सगळी कड खाली आली. तिच्यापासून दोन हातांवर.

आदिलाबादच्या दवाखान्यात धोंडीबाला संध्याकाळी शुद्ध आली. कमरेखाली त्याला काहीच कळत नव्हतं. दाराबाहेर उद्धवराव भिंतीला टेकून उभे होते. आत यायचं त्यांना धाडस होईना.

"तू सांगतलं होतं," धोंडीबा म्हणाला. "मीच नाई उठलो."

"बोलू नका, बाबा."

"रुख्मिणी कशी हाये?"

रुख्मिणीमावशीला बाजारातून थेट शवागारात नेलं होतं.

"बरी हाये," रश्मी म्हणाली.

त्यानं डोळे मिटले. त्याच्या पांढऱ्या केसांत कोथिंबिरीची पानं चिकटली होती. ती एकेक पान काढत राहिली.