वहिनीचा एक कप

"थांब वहिनी, परातीत ओतू नकोस!"

नणंद एवढ्या जोरात ओरडली, की वहिनीच्या हातातला कप हिंदकळला.

"अहो वन्सं, मैदा आहे, विष नव्हे."

नणंदेने वजनकाट्यावरचं भांडं पुढे सरकवलं. मैदा पडला, आकडा डगमगला आणि स्थिरावला. एकशे अठ्ठेचाळीस. तिने तो वहीत लिहिला आणि घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ. बारापर्यंत वहिनी वहिनी असायची. पुढचं सांगता येत नसे.

नणंद पस्तीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होती. वहिनी तेवढीच वर्षं घरच्या भट्टीत केक करत होती. भाऊ गेल्यावर घरात दोघीच उरल्या. गेल्या महिन्यात वहिनीने एकाच केकमध्ये दोनदा साखर घातली, मग एकदा बेकिंग पावडरच विसरली. "हे वाढत जाणार," डॉक्टर म्हणाले. त्याच दिवशी नणंदेने वही आणली.

तिने पुस्तकातलं कोष्टक उतरवलं होतं: मैदा एक कप, एकशे वीस ग्रॅम. त्या हिशेबाने काल केलेला केक मधोमध खचला. पुस्तकातला कप सुरीने सपाट केलेला होता. वहिनी शिगोशीग भरायची, वर ओट्यावर दोनदा आपटायची. असा कप कुठल्या पुस्तकात सापडणार? तो वहिनीच्या हातातच होता आणि तिथूनच तो काढून घ्यायचा होता.

दुसरा कप एकशे सत्तेचाळीस. तिसरा, चौथा पुन्हा अठ्ठेचाळीस.

"बघा! आणि उभा जन्म मला अंदाजपंचे म्हणून हिणवलंत."

नणंद हसली. वहिनीने पाचवा कप भरला.

कृती चार कपांची होती. नणंदेची पेन्सिल थांबली. बोलावं की न बोलावं, तिला कळेना. वहिनीचाही हात भांड्यावर अधांतरी राहिला.

"किती झाले?"

"चार."

वहिनीने कप सावकाश डब्यात रिकामा केला.

"तीनपर्यंत धरून ठेवते, वन्सं. मग सुटतं. हात चुकत नाही, मोजणी चुकते." ती पदराला हात पुसत राहिली. "मला कळत नाही असं समजू नका. नाहीतर ओतू नको म्हटल्यावर मी ऐकलं असतं? कधी ऐकलंय तुमचं?"

"कधीच नाही," नणंद म्हणाली.

मग दोघींनी घाई केली. साखर, लोणी, कोको. मिठाची चिमूट काट्याला जाणवेचना. कंपाउंडरने जुनी युक्ती काढली: दहा चिमटी एकत्र टाकायच्या, वजनाला दहाने भागायचं. वहिनी टाकत होती, नणंद मोठ्याने मोजत होती. पाच ग्रॅम भरले. एक चिमूट म्हणजे अर्धा ग्रॅम.

अकरा वाजता नणंदेने वहिनीला स्टुलावर बसवलं.

"आता तू काही सांगायचं नाहीस. मी फक्त वहीत बघून करणार."

"लोणी जास्त फेटा की—"

"वहिनी!"

वहिनीने ओठ मिटले. नणंदेने एकेक वजन दोनदा तपासलं. भांडं भट्टीत गेल्यावर ती काचेसमोर वाकून उभीच राहिली. मधला भाग फुगला. खाली बसेल, आता बसेल, म्हणून तिने श्वास रोखला. तो बसला नाही.

केक निवेपर्यंत दीड वाजला. वहिनी खिडकीबाहेर बघत होती. तिचा चेहरा पाटी पुसल्यासारखा कोरा झाला होता. नणंदेने तुकडा कापून तिच्या हातात दिला आणि निकालाची वाट बघावी तशी समोर उभी राहिली.

वहिनीने सावकाश चावला. पुन्हा एक घास घेतला.

"मी केलाय ना हा?"

नणंदेच्या कोपरापर्यंत अजून मैदा होता.

"हो," ती म्हणाली. "तूच केलास."

"वाटलंच." वहिनीने उरलेल्या तुकड्याचे दोन भाग केले आणि मोठा भाग तिच्यापुढे धरला. "घ्या ना, बाई. लाजू नका."