समुद्राच्या तळाचा गाळ

काचेची नळी सांडूमामांच्या हातातून निसटून फरशीवर फुटली आणि तांबूस, थंडगार गाळ त्यांच्या कोपरापर्यंत उडाला.

"काही होत नाही, मामा. धुऊन टाका," मंजुषा मॅडम म्हणाल्या.

मामा हात धूत राहिले. साबणाची वडी झिजली तरी नळ बंद करेनात. वाळूजच्या या प्रयोगशाळेत ते शिपाई होते. गाळ खोल समुद्राच्या तळातून आणलेला. अणुभट्टीचा कचरा तिथे पुरला तर हा गाळ त्याला धरून ठेवील का, हे मॅडम तपासत होत्या. "खरा कचरा इथे आणतच नाही. त्याच्यासारखं वागणारं साधं मीठ गाळात मिसळतो," त्या सांगायच्या. मग साध्या मिठाला मॅडम हातमोजे कशाला घालतात, हे मामांना सलत होतं. आधीच्या कारखान्यातला साहेबही असंच म्हणाला होता, पावडर काही करत नाही म्हणून. त्या पावडरीत काम करणारा त्यांचा जोडीदार कडुबा खोकून खोकून गेला.

मामा दुसऱ्या दिवसापासून कामावर गेलेच नाहीत. बजाजनगरातल्या घरात भिंतीला टेकून बसू लागले. ताट वेगळं, तांब्या वेगळा. नात संस्कृती दुडदुडत जवळ आली की बायकोवर ओरडायचे, "गीता, उचल हिला! शिवू देऊ नको!"

आठवड्याने मॅडम स्वतः घरी आल्या. किरणं मोजायचं यंत्र काढून त्यांनी ते मामांच्या हातांवरून फिरवलं. टिक... टिक...

"वाजतंय की ओ!"

"इतकं सगळीकडेच वाजतं, मामा. हे बघा, भिंतीला धरते." भिंतीपाशीही तेवढंच वाजलं.

"मंग भिंतीला बी लागलं आसंल. आठ दिस तिथंच तर टेकून बसलोय."

मॅडमना हसू आलं नाही. "माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"तुमी लई चांगल्या हाव, म्याडम. पर मीठ तुमचं अन् मशीन बी तुमचंच. कडुबाला बी चांगल्याच माणसानं सांगितलं व्हतं."

गीताबाईंनी दिलेला चहा मॅडमनी सगळा प्यायला, दुसऱ्या विभागात बदली करून देते म्हणाल्या आणि निघून गेल्या.

गीताबाई नवऱ्यासमोर येऊन बसल्या. "खरं सांगा, काय वाटायलंय तुमाला?"

"काय म्हाईत. नसंल बी काई. पर आसलं तर?"

"आसलं तर आसू द्या. पोरगी आठ दिस झाले आबा आबा करून रडायलीय."

असं म्हणून त्यांनी संस्कृतीला उचललं आणि सरळ मामांच्या मांडीवर ठेवलं. मामा दचकले, पण उठले नाहीत. पोरीने त्यांच्या सदऱ्याचं बटण चोखलं, छातीवर डोकं घासलं आणि तिथेच झोपी गेली.

मामा हललेसुद्धा नाहीत. तिला धक्का लागू नये म्हणून श्वासही हळू घेत होते, दोन्ही हात तिच्यापासून लांब, हवेत धरून.