पुनमच्या खोलीचं दार

भीमाशंकर मास्तरांच्या घरात एकाही दाराला कडी नव्हती. लातुरात हे घर बांधलं ते भूकंपानंतर, आणि बांधताना माणूस नुसता हट्टाला पेटलेला. वीतभर जाड काँक्रीटच्या भिंती, पत्र्याची दारं, तीही बाहेर उघडणारी. भिंतीत खिळा ठोकू द्यायचे नाहीत. कॅलेंडरसुद्धा खिडकीच्या गजाला टांगलेलं! अशा घरात वायफाय काय डोंबल पोचणार?

आणि आज अकराला लेकीची, पुनमची ऑनलाइन परीक्षा. पहिल्या विसात आली तरच क्लासच्या स्पेशल बॅचमध्ये जागा. पोरीनं वर्षभर त्यासाठी डोळे फोडले होते.

मास्तरांनी कालच वायफाय पुढं पोचवणारा नवा डबा आणून पुनमच्या खोलीत ठेवला. फोनवर त्याचं पान उघडलं, तर डबा विचारतोय, कोणत्या मोडमध्ये चालू? ॲक्सेस पॉइंट केलं तर बैठकीतल्या राउटरपासून वायर आणायची, म्हणजे मधल्या भिंतीला भोक. रिपीटर केलं तर वायर नको. हवेतला सिग्नल धरायचा अन् पुढं फेकायचा. मास्तरांनी डोळे झाकून रिपीटर निवडलं. पुनमच्या टेबलावर व्हिडिओ सुसाट चालला. "बघा, भिंतीला हात न लावता!" असं बायकोसमोर, सिंधूबाईंसमोर मिरवूनही झालं.

सकाळी सव्वादहाला पुनमनं परीक्षेचे नियम वाचले. खोलीत एकटं बसायचं, दार बंद. तिनं दार ओढून घेतलं, आणि डब्याचा दिवा तांबडा.

"अप्पा, गेलं की ओ!"

दार उघडलं, हिरवा. ओढलं, पुन्हा तांबडा. दाराचा पत्राच सिग्नल अडवत होता. मास्तरांनी कपाळावर हात मारला. कालची सगळी तपासणी उघड्या दारानं झालेली. या घरात दार लावून बघायचं सुचणार तरी कोणाला?

"नुसत्या येरझारा काय घालायलात?" सिंधूबाई कडाडल्या. "वीरभद्राचं ड्रिल आणा. एका भोकानं भिंत न्हाई पडत!"

मास्तर दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा मात्र शेजारच्या वीरभद्र वायरमनकडून ड्रिल घेऊनच आले. भोक स्वतः पाडलं. वायर आरपार गेली. डब्यात रिपीटर बदलून ॲक्सेस पॉइंट केलं. डबा बंद होऊन पुन्हा चालू व्हायला दोन मिनिटं लागली. तेवढ्यात मास्तरांनी देवाची सगळी नावं घेतली. हिरवा! दार ओढलं, तरी हिरवाच.

पण मेलं दार लागून राहीना. कडी नाही, हात सोडला की आपसूक उघडायचं. अकराला पाच कमी.

"तुम्ही सरका, मी धरते," सिंधूबाई हळूच म्हणाल्या. त्यांना ठाऊक होतं. भूकंपाच्या पहाटे गावाकडं मास्तर असेच एका दाराशी होते. आत मोठी बहीण, गुरम्माअक्का, आतून कडी लावलेली, अंगावर माळवदाचं मातीचं छत कोसळलेलं. "भीमा, दार उघड रे," ती म्हणत होती. बराच वेळ म्हणत होती. दार उघडलं नाही.

"न्हाई. मीच बसतो," मास्तर म्हणाले. दाराला पाठ लावून खाली बसले आणि समोरच्या भिंतीला पाय रोवले.

दोन तास. आतून कच्च्या आकडेमोडीचा कागद उलटल्याचा आवाज आला की बरं वाटायचं. काही ऐकू आलं नाही की मान वळवून कान पत्र्याला लावायचे. एकदा तर हाक अगदी ओठांवर आली, पण परीक्षा बुडेल म्हणून गिळली. सिंधूबाईंनी आणलेला चहा तसाच गार झाला.

एक वाजता पाठीमागच्या दारावर आतून थाप बसली.

"अप्पा, झालं. दार उघडा."

मास्तरांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तसेच फरफटत बाजूला झाले. दार उघडलं. पुनम हसत बाहेर आली.

"पेपर लई भारी गेला! अन् तुम्ही रडता कशाला, अप्पा?"

मास्तरांनी तिचा हात धरला, तो काही केल्या सोडीनात.

"उघडलं," एवढंच म्हणाले.