गेल्या सात दिवसांत एक तास

कोळशाची खाण बंद होऊन सहा वर्षं झाली, आणि तेव्हापासून माझा नवरा तोलोमुश घरी बसलाय. यंदा वसंतात कालव्याच्या दुरुस्तीचं सरकारी काम निघणार होतं. आमच्या गावाला सात जागा, पण ज्याच्या नावापुढे ‘बेरोजगार’ अशी नोंद असेल त्यालाच. मला हसू आलं. म्हटलं, एवढंच ना? आमच्या गल्लीत कुत्रीसुद्धा बेरोजगार आहेत.

रोजगार कचेरीत सायरा बसते. माझ्या मावसबहिणीची नणंद. तोलोमुशला कचेरीत धड बोलता येत नाही म्हणून मीही सोबत गेले.

“दाजी, गेल्या सात दिवसांत पैसे किंवा वस्तू घेऊन तासभर तरी काम केलंत?”

मी त्याच्या पायावर पाय दिला. त्याला कशाला कळतंय.

“तुर्दू म्हातारी गेली ना, तिची कबर खणली. जमीन गोठलेली, कुदळ नुसती वाजायची. सगळी दुपार गेली.”

“काही मिळालं?”

“कापड. कबर खणणाऱ्या सगळ्यांना फाडून देतात ते. रुमालाएवढं.”

सायराने लिहिलं : कामावर आहे.

“अगं, मयताचं कापड ते,” मी म्हणाले. “नको म्हटलं तर मेलेल्याचा अपमान. तुझा सासरा गेला तेव्हा तूच वाटलं होतंस की.”

“वाटलं होतं. पण इथे ‘वस्तू’ असं छापलंय, ताई. कापड वस्तू नाही तर काय? महिन्याने या. आणि आधीचे सात दिवस यांना हात हलवू देऊ नका.”

महिनाभर मी त्याला बाळंतिणीसारखं जपलं. कुणाची मेंढी सोलायला जाऊ दिलं नाही, कुणाची भिंत लिंपायला नाही. मंगळवारी अर्ज करायचा, आणि आदल्या रविवारी समोरचा अब्दीश वारला. वीस वर्षं दोघं एकाच पाळीत खाणीत उतरले, एकाच डब्यातलं जेवले.

सोमवारी सकाळी तोलोमुशने कुदळ घेतली. मी दारात उभी राहिले.

“बस खाली.”

“अब्दीश आहे तो.”

“कापड घ्यावं लागेल.”

“नाही घेणार.”

“त्याची बायको समोर उभी राहून देईल, आणि तू नाही म्हणशील? तिच्या तोंडावर?”

तो बसला. बाहेरून माणसांनी हाक मारली, तेव्हा ताप भरलाय म्हणून मीच सांगितलं. “आत्ता तर अंगणातला बर्फ काढत होता,” एकजण म्हणाला. मी दार लावून घेतलं. आत तो डोक्यावरून गोधडी ओढून दुपारपर्यंत पडून होता.

मंगळवारी सायराने विचारलं, “काम केलंत?”

“नाही.”

मी सुटकेचा निःश्वास टाकला. सायराने पान उलटलं.

“गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंत? कुठे अर्ज, कुणाकडे विचारणा?”

“कुठे शोधू? खाणीला कुलूप. कालव्याची वाट बघतोय.”

“वाट बघणं म्हणजे शोधणं नव्हे, दाजी.” तिने लिहायला घेतलं.

“बेरोजगार ना?” मी विचारलं.

“नाही. काम नाही आणि शोधतही नाहीत, म्हणजे मोजणीच्या बाहेर. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं असतात ना, त्यांच्या रकान्यात.”

“मग हे महिन्यापूर्वी सांगायला तुझी जीभ झडली होती का?”

“तेव्हा ते कामावर होते. कामावरच्या माणसाला पुढचा प्रश्न विचारायचा नसतो.”

मी तिला तिच्या माहेरासकट शिव्या घातल्या. तिने मान खाली घालून शिक्का मारला. आमच्या गावात बेरोजगारी अगदी थोडी आहे म्हणे, भिंतीवर तक्ता लावलाय. असणारच. अर्धे कबरी खणतात, उरलेले मोजणीच्या बाहेर.

परतताना अब्दीशच्या दारापुढे बाकावर माणसं बसली होती. तोलोमुशने सलाम केला. सलामाला उत्तर मिळालं, ते कुणी चुकवत नाही. पण बसायला जागा करून द्यायला कुणी सरकलं नाही. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग माझ्या मागून घरी आला.

मी चहा ओतला. त्याने पेल्याला हात लावला नाही.

“तू दारात उभी राहिली नसतीस,” तो म्हणाला, “तर मी गेलो असतो.”

सायराला घातलेल्या सगळ्या शिव्या मला आठवत होत्या. त्यातली एकही आता तिच्यासाठी उरली नव्हती, सगळ्या माझ्याच होत्या.