दोघांची हाक

मित्रांनो, इजिप्तमधल्या फय्यूमच्या टॅक्सी अड्ड्यावर आलात तर मी दिसणार नाही, पण ऐकू नक्की येईन. भोंग्याच्या पत्र्याच्या डब्यात राहणारा मी एक जुना प्रोग्रॅम. सात माणसं भरली की गाडी सुटते. किती जागा उरल्या ते ओरडून सांगायचं, हे माझं काम. उगाच नम्र कशाला होऊ? त्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

इथे मदबूलीकाका तीस वर्षं हाका मारायचे. त्यांचा घसा गेला, तेव्हा त्यांच्या पुतणीने, शाहिनाझने, मला लिहिलं. काका बटण दाबणार, मी बोलणार. पहिल्याच दिवशी मी गरजलो, "दोन जागा आहे!" ड्रायव्हर खो खो हसले. "काका, हे पोर कुठल्या शाळेतून पळालंय?" काकांचा चेहरा एवढासा झाला.

"पोरी," ते बसक्या आवाजात म्हणाले, "एकटा, जोडी आणि घोळका, तिघांना मी कधी सारखी हाक मारली नाही."

आमच्या अरबी भाषेत जोडीला वेगळा शब्दच आहे. शाहिनाझने मला तिन्ही हाका शिकवल्या. मग काय, माझा आवाज ऐकून लोक डोळे मिटून गाडीत चढू लागले!

पुढे अड्डाप्रमुखांनी नवं यंत्र आणलं. आकडा फळ्यावर झळके आणि गोड आवाज एक जागा असो की पाच, "जागा उपलब्ध आहेत" एवढंच म्हणे. माझ्या डब्यावर धूळ बसली. वाईट वाटलं हो, फार वाटलं.

एका रविवारी आंधळे शेख रिझ्क आणि त्यांची बायको नजफा लेकीकडे कैरोला निघाले. "जागा आहेत" ऐकून शेख आधी चढले. दार लागलं, गाडी सुटली. जागा एकच होती! नजफाबाई गाठोडं टाकून गाडीमागे रडत धावल्या. तिकडे शेख शेजारच्या परक्या माणसाला विचारत होते, "नजफा, नीट बसलीस ना?"

ड्रायव्हरने अर्ध्या वाटेतून गाडी फिरवली. उतरताच शेख कडाडले, "मदबूली, तुझं ते गळा फाडणारं पोर कुठाय? जागा एकाला की दोघांना, एवढं तरी ते सांगायचं!"

काकांनी बाहीने माझा डबा पुसला.

पुढच्या रविवारी मी एकट्याची हाक मारली. शेख जागचे हलले नाहीत. मग जोडीची मारली. त्यांनी आधी हात लांबवून नजफाबाईंचा हात शोधला, मग पाऊल उचललं.

मित्रांनो, तुम्ही माझ्यासारखं काही लिहाल तेव्हा नुसता आकडा दाखवून मोकळे होऊ नका. एकाला एकाची हाक मारा, दोघांना दोघांची. नाहीतर कुणाचं तरी माणूस मागे राहतं.